मदत हवी आहे: लॅम्ब्डा आखूड करणारा मॅक्रो दुसऱ्या पॅकेजात चालत नाही

नोकरीत क्लोजर (लिस्प घराण्यातली भाषा) वापरतो. तिथे #(* % 2) एवढं लिहिलं की निनावी फंक्शन तयार. हौस म्हणून घरी कॉमन लिस्प (एसबीसीएल कंपायलर) शिकायला घेतलं आणि दर वेळी अख्खा लॅम्ब्डा (निनावी फंक्शन बनवणारा फॉर्म) टंकून वैतागलो. म्हणून हा मॅक्रो (कोड लिहून देणारा कोड) केला (कोड इथे देवनागरीत टंकलाय, सांभाळून घ्या):

(डेफमॅक्रो फ (फॉर्म)
  `(लॅम्ब्डा (_) ,फॉर्म))

(मॅपकार (फ (* _ 2)) '(1 2 3)) दिलं की (2 4 6) येतं. खूश होऊन तो 'साधने' पॅकेजात (नावांच्या वेगळ्या कप्प्यात) हलवला, फ एक्स्पोर्ट केला (बाहेर वापरायला खुला केला) आणि 'हिशेब' पॅकेजात 'साधने' :यूज केलं. आता कंपायलर त्याच ओळीवर दोन तक्रारी करतो: _ व्हेरिएबल घेतलंय पण वापरलं नाही, आणि _ व्हेरिएबल कुठे दिसतच नाही! 'मॅक्रोत नाव आलं की जेनसिम' (इतर कुठल्याही नावाशी न जुळणारं नवं नाव बनवणारं फंक्शन) हा मंत्र सगळीकडे वाचलाय. तोही जपून पाहिला, तर चालत होतं तेही बंद पडलं. काय चुकतंय?

प्रतिसाद १
मॅक्रोएक्स्पांड-1 (मॅक्रो उलगडून बनणारा कोड दाखवतं) चालवून पाहिलंत का?

धागाकर्ता
आत्ता पाहिलं. (लॅम्ब्डा (साधने::_) (* _ 2)). अरेच्चा, हे दोन वेगळे _ आहेत!

प्रतिसाद १
तेच तर. बॅककोटमधला (` या खुणेनंतरचा) _ मॅक्रो वाचला जाताना 'साधने'त इंटर्न झाला (तिथे नोंदला गेला), तुम्ही टंकलेला 'हिशेब'मध्ये. फबरोबर _ सुद्धा एक्स्पोर्ट करा. जेनसिम इथे नकोच. मॅक्रोतल्या नावाने वापरणाऱ्याच्या कोडमधलं तेच नाव पकडू नये म्हणून ते असतं आणि तुम्हाला तर मुद्दाम पकडायचंय. शिवाय (फ 0) सारख्या वापरात इशारा येऊ नये म्हणून लॅम्ब्डात (डिक्लेअर (इग्नोरेबल _)) टाका. आधीच टाकलं असतंत तर पहिली तक्रार दबली असती, मग बसला असतात शोधत.

प्रतिसाद २
एकात एक फ लिहू नका. आतला _ बाहेरच्याला झाकतो, बाहेरचं मूल्य आतून मिळत नाही. क्लोजर तर #() मध्ये #() लिहूच देत नाही. अशा वेळी सरळ लॅम्ब्डा लिहावा, वाचणाराही दुवा देतो.

धागाकर्ता
_ एक्स्पोर्ट केला तर नेम कॉन्फ्लिक्ट (नावांची टक्कर)! 'हिशेब'मध्ये जुना _ आधीच बसलेला होता. तो अनइंटर्न करून (पॅकेजातून काढून) पुन्हा लोड केलं, आता चालतंय. आभारी आहे दोघांचा.