हर्नियाचे पेशंट वर्षा-दोन वर्षांनी गाठायचे कसे? (ऊसतोडीला जाणारे) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं छोटं हॉस्पिटल आहे. जांघेच्या हर्नियाची ऑपरेशनं भरपूर होतात, बहुतेकांना जाळी (कमकुवत जागेला आधार देणारी मेश) बसवतो. टाके काढायला सगळे येतात, महिन्याभराने निम्मे. पुढे दसरा-दिवाळी झाली की माणूस कोयता घेऊन जो कारखान्यावर जातो, तो आमच्या हिशेबातून गेलाच.

मध्यंतरी एक जण बायकोला दाखवायला आला होता. जाता जाता दारातून मागे फिरला आणि म्हणाला, "तुमी केल्तं तिथंच परत आलंय." उभं करून खोकायला लावलं तर लिंबाएवढा फुगवटा. कधीपासून? "दोन हंगाम झाले. दुखत न्हाई म्हणून आलो न्हाई. आन तुमी रागवाल."

तोवर मी समजत होतो की माझ्याकडचे हर्निया परत होत नाहीत!

मग सिस्टर आणि मी ऑपरेशन थिएटरचं जुनं रजिस्टर काढून फोन लावत बसलो. निम्म्याहून जास्त नंबर बंद, काही भाच्या-पुतण्यांचे. जो उचलेल तो म्हणणार, "बरं हाय साहेब." आता त्या 'बरं हाय'वर माझा विश्वास नाही. गाठ न दुखता परत येते, आणि उलट गाठ नसताना जांघ दुखत राहते. तीन महिन्यांनंतरही दुखणं असेल तर ते मला कळायलाच हवं. म्हणून हल्ली फोनवरच सांगतो, उभे राहा, टाक्यावर तळवा ठेवा, खोका, हाताला काही लागतंय का बघा. एक जण म्हणाला, "थांबा, एवढी मोळी गाडीत टाकतो." डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्याला आपण डिस्चार्ज कार्डावर 'जड उचलू नये' लिहून देतो, तेही आहेच.

सिस्टरने सुचवलं की मुकादमाचा (टोळी कामाला नेणाऱ्याचा) नंबर घ्या, तो कधी बंद नसतो. खरंय. पण ऑपरेशन झालेलं मुकादमाला कळलं तर त्या जोडप्याची उचल (हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम) कमी होईल, नाहीतर तो दुसरा कोयता, म्हणजे दुसरं जोडपं बघेल. तेव्हा ती वाट मी बंद केली. आशाताईंना विचारलं तर त्या तयार आहेत, पण जांघेतलं दुखणं पुरुष त्यांच्यापाशी बोलेल असं मला वाटत नाही.

स्वीडनमध्ये 1992 पासून हर्नियाची राष्ट्रीय नोंदवही आहे. तिथे प्रत्येकाला ओळख क्रमांक असल्याने पुन्हा ऑपरेशन कुठेही झालं तरी जुन्या नोंदीशी जोडता येतं. पण माझा वरचा माणूस पुन्हा ऑपरेशनला गेलाच नव्हता. तो तिथेही सापडला नसता.

माझ्या डोक्यात आहे ते असं: गुढीपाडव्याच्या सुमारास माणसं गावी परततात, पेरणीपर्यंत असतात. तेवढ्यात गावोगाव एकेक सकाळ बसायचं, तपासणी फुकट. कुणी असं केलंय का? लोक आले का, की ज्यांना त्रास आहे तेवढेच आले? मग आकडे फसवे होतील. ऑपरेशनच्या वेळीच बायकोचा आणि गावात मागे राहणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा असे दोन नंबर घेतले तर किती टिकतात? आणि फोनवर विचारायचे चार-पाच प्रश्न कुणी आपल्या बोलीत बसवले असतील तर इथे टाका.

ॲप कृपया सुचवू नका. बऱ्याच घरांत बटणाचा फोन आहे, तोही रिचार्ज असेल तर.