फौज घुसणार की नाही यावर पैसे लावतात, पण "घुसली" हे ठरवतं कोण?

सांगलीकर_८८:
मंडळी, पॉलीमार्केटवर, म्हणजे घटना घडेल की नाही यावर पैसे लावायच्या साइटवर हल्ली बघतोय, कुठेही बॉम्बफेक सुरू झाली की लगेच "अमुक तारखेच्या आत फौज जमिनीवरून घुसणार का" असा बाजार उघडतो. समजा येस ८ सेंट, नो ९२ सेंट, बरोबर ठरेल त्याला एक डॉलर. मी एक रुपया लावलेला नाही हे आधीच सांगतो, नाहीतर सगळे ज्ञान पाजळायला येतील. प्रश्न असा की ३ जानेवारी २०२६ ला अमेरिकेचे कमांडो काराकासमधे उतरले, व्हेनेझुएलाचे अध्यक्ष मादुरो यांना बायकोसकट उचलून न्यूयॉर्कला नेलं, ट्रम्प म्हणाले आता देश आम्ही चालवणार, आणि तरी "अमेरिका आक्रमण करणार" वर येस लावणाऱ्यांना साइट म्हणाली हे आक्रमण नाहीच. घरात घुसून घरधनी उचलला तरी घुसलो नाही म्हणे! मग आक्रमण म्हणजे धरतात तरी काय? आणि नो घेऊन गप बसणं सेफ का, बहुतेक वेळा घुसत नाहीतच ना?

जुनाबाजार:
भाऊ, मथळा वाचून पैसे लावणारे असेच गंडतात, खालचा नियम वाचायचा. त्यात लिहिलं होतं की व्हेनेझुएलाचा कुठलातरी भाग ताब्यात घेण्याच्या हेतूने लष्करी मोहीम सुरू झाली पाहिजे. उचललं आणि निघाले, ताबा कुठेय? पटो न पटो, नियम तो. बरं वाद झाला तर कोर्ट नाही, युमा नावाच्या क्रिप्टो टोकनवाल्यांचं मतदान असतं. २०२५ मधे झेलेन्स्की नाटोच्या मीटिंगला कोट घालून आला तो सूट होता की नव्हता यावर २० कोटी डॉलरच्या वर उलाढाल झाली आणि निकाल लागला "नव्हता". सूटचं हे तर आक्रमणाचं काय घेऊन बसलात.

नो सेफ वगैरे काही नाही. ९२ ला घेतला, जिंकलात तर ८ मिळणार, एकदा हरलात की ९२ गेले, म्हणजे अकरा-बारा वेळा जिंकलेलं एका रात्रीत साफ. फेब्रुवारी २०२२ मधे भले भले अभ्यासक सांगत होते पुतिन नुसता दबाव टाकतोय, २४ तारखेला रणगाडे आत.

येसवाल्यांना तारीख मारते. गाझाचं आठवा, १३ ऑक्टोबर २०२३ ला इस्रायलने उत्तर गाझातल्या लोकांना सांगितलं २४ तासात निघा, टीव्हीवर सगळे म्हणाले आज रात्री घुसतात, आणि मोठी कारवाई सुरू झाली २७ ला. अंदाज शंभर टक्के बरोबर, पण पंधरा ते वीसच्या आतली तारीख घेतली असती तर पैसे पाण्यात.

रेवती_क:
माझी शाळेतली मैत्रीण बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातली ज्यू, लग्नानंतर अश्दोदला गेली, अजून फोनवर अलिबागकडचं मराठीच बोलते. तिच्या मुलाला ऑक्टोबरात 'त्साव श्मोने' आला, म्हणजे राखीव सैनिकांना तातडीचं बोलावणं. तेव्हा तीन लाखाच्या वर लोकांना आलं होतं. आता ती यादी, ती हालचाल कुणीतरी सैन्यातलाच बघतोय आणि तो तुमच्यासमोर येस विकत घेत नसेल कशावरून? मादुरोच्या वेळी कोणीतरी साधारण ३२ हजार डॉलर लावून चार लाखांच्या वर कमावले, त्यातले बरेचसे कारवाईच्या आधीच्या काही तासात लावलेले. नशीब म्हणायचं का याला? युद्धावर पैसे लावावेत का हा वाद तुम्ही घाला, मला किळस येते एवढंच.

जुनाबाजार:
ताई, किळस बरोबर आहे, पण उलटा युक्तिवादही होता. २००३ मधे पेंटागॉनच्याच डार्पा या संशोधन संस्थेने असा बाजार काढायचा बेत केला होता, भाव बघून मध्यपूर्वेत काय शिजतंय ते आधी कळेल म्हणून. दोन सिनेटरांनी बोंब मारली, दुसऱ्या दिवशी गुंडाळलं आणि त्यामागच्या अधिकाऱ्याला, पॉइंडेक्स्टरला, पुढे राजीनामा द्यावा लागला. आतल्या माणसाने पैसे लावावेत म्हणजे भाव खरा होतो, हीच तर त्यामागची आयडिया. लावणारा बाहेरचा असला की मरतो, तो भाग वेगळा.

वकील_नाशिक:
भारतातून करणार असाल तर वाचा. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशाचे खेळ चालवणं, जाहिरात करणं, बँकेने त्याचे पैसे फिरवणं, सगळं बंद झालं. चालवणाऱ्याला तीन वर्षं आणि एक कोटीपर्यंत दंड, आपलं प्रोबो, हे असंच हो-नाहीवर पैसे लावायचं ॲप, त्याच महिन्यात थांबलं. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, पण त्याचा अर्थ मोकळं रान असा काढू नका. पॉलीमार्केटला यूएसडीसीसारखं डॉलरला बांधलेलं क्रिप्टो लागतं, क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के टॅक्स, तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा होत नाही, आणि पैसे बाहेर कसे पाठवले हा फेमाचा, म्हणजे परकीय चलन कायद्याचा प्रश्न वेगळाच. व्हीपीएन लावून जिंकलात आणि पैसे अडकले तर तक्रार कुठे करणार? आमच्याकडे येऊ नका.

बाकी मुंबईला हे नवीन नाही हो, मटका सुरू झाला तोच न्यूयॉर्कच्या कापसाच्या उघडत्या-बंद भावावर.

सांगलीकर_८८:
वकीलसाहेब आभार. जुनाबाजार, तुमचा नो चा हिशोब डोक्यात शिरला. रेवतीताई, मुलगा ठीक आहे ना?

रेवती_क:
हो, परत आलाय. पुन्हा बोलावतील म्हणून नोकरी धरत नाहीये.