किलोमीटरमागे की फेरीमागे?

किलोमीटरमागे मृत्यू मोजले तर विमान सर्वांत सुरक्षित, असं नेहमी म्हणतात, ते बरोबरच. पण त्या हिशेबात विमानाला झुकतं माप मिळतं. बहुतेक अपघात उड्डाण घेताना किंवा उतरताना होतात. मधले हजार किलोमीटर जवळजवळ फुकटात पदरात पडतात! दर फेरीमागे मोजलं तर फरक बराच कमी होतो. तरी रस्त्याशी बरोबरी नकोच. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, म्हणजे रोज साडेचारशेहून जास्त. अहमदाबादच्या विमान अपघातात १२ जून २०२५ रोजी २६० गेली, ती सगळ्या देशाच्या लक्षात राहिली. मुंबईची लोकल निराळं प्रकरण: तिथे माणसं दगावतात ती मुख्यतः रूळ ओलांडताना आणि दारातून पडून, गाड्यांच्या टकरीत नव्हे. त्यामुळे तुलना करताना हे मृत्यू प्रवासातले अपघात म्हणून धरायचे की नाही, हे आधी ठरवा.