सिगरेट सोडून अडथळ्यांच्या शर्यतीला : आपापले अनुभव लिहा

भिंती, दोर, चिखल असे अडथळे पार करत धावायच्या अडथळ्यांच्या शर्यतीत उतरायचे म्हणून ज्यांनी सिगरेट सोडली, सोडू पाहिली किंवा सोडून पुन्हा धरली, अशा सर्वांनी आपले अनुभव लिहावेत अशी विनंती आहे. ‘निर्धार केला आणि सोडली’ एवढ्यावर कृपया उरकू नये. पहिल्या आठवड्यात नेमके काय झाले, दम कधी परत आला, कोणत्या अडथळ्यावर हात सुटला, हे सविस्तर वाचायला आवडेल. सुरुवात मीच करतो.

मी १४ वर्षे रोज १० ते १२ सिगरेटी ओढत होतो. पाकिटावरच्या इशाऱ्यांचा माझ्यावर कधीच परिणाम झाला नाही, कारण त्यांतले संकट वीस वर्षांनंतरचे असते आणि वीस वर्षांनंतरच्या स्वतःची काळजी माणूस फारशी करत नाही. शर्यतीत नाव नोंदवले तेव्हा मात्र हातात २४ आठवडेच होते, अंतर १० किलोमीटर आणि अडथळे २५. त्याच संध्याकाळी मैदानावर धावायला गेलो आणि ४०० मीटरची एक फेरी पुरी होण्याआधीच कुंपणाची जाळी धरून उभा राहिलो. तोंडात लोखंडासारखी चव आली होती आणि शेजारून एक वयस्कर गृहस्थ दुसऱ्यांदा मला मागे टाकून शांतपणे चालत पुढे गेले.

घरी येऊन थोडे वाचन केले. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा कार्बन मोनॉक्साइडला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरते, त्यामुळे झुरका मारून धावायला निघालेल्याच्या रक्तातली काही जागा आधीच भलत्या पाहुण्याने अडवलेली असते. समाधानाची बाब एवढीच की ओढणे थांबले की हा वायू साधारण एका दिवसात उतरतो. यावरून मी एक नियम केला : आठवड्यातून तीनदा धावायचे आणि प्रत्येक वेळी त्याआधीचे २४ तास सिगरेटला हात लावायचा नाही. पहिले दोन आठवडे मी धावून आलो की लगेच ती भरपाईही करत असे, हे कबूल करतो. तिसऱ्या आठवड्यात प्रथमच न थांबता दोन किलोमीटर धावलो, त्याच आनंदात एक पेटवली आणि दुसऱ्याच झुरक्याला असा खोकला आला की कमावलेले सगळे तिथेच सांडल्यासारखे वाटले. ते पाकीट मी पुरे केले नाही.

* * *

माझे वय ४१ आहे आणि मी चोरून ओढणारी होते. चोरून ओढणाऱ्याला चोरूनच सोडावी लागते, ही अडचण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. तिसऱ्या दिवशी मी क्षुल्लक कारणावरून घरातल्या सर्वांवर ओरडले, आणि ‘व्यायामाने थकले आहे’ याखेरीज दुसरे स्पष्टीकरण देण्याची सोय नव्हती. निकोटिन सुटताना पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात आणि चिडचिड, झोपमोड, एकाग्रता नसणे हे पुढे दोन ते चार आठवडे चालते, हे मला आधी ठाऊक असते तर मी सोडण्याचा दिवस सुट्टीच्या तोंडावर धरला असता.

दोन गोष्टींनी मला घाबरवले, म्हणून त्या मुद्दाम लिहिते. पहिली म्हणजे सोडल्यावर खोकला कमी होण्याऐवजी वाढला. श्वासनलिकेच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस धुरामुळे मंदावलेले असतात. ते पुन्हा कामाला लागले की साचलेला कफ वर ढकलू लागतात, असे डॉक्टरांनी समजावले. महिनाभराने तो खोकला ओसरला. दुसरी म्हणजे रोजचीच कॉफी पिऊन छातीत धडधड होऊ लागली आणि रात्री डोळ्याला डोळा लागेना. धुरातील घटकांमुळे यकृत कॅफिनचा निचरा भराभर करत असते. धूर थांबला की तेवढीच कॉफी शरीरात जास्त वेळ रेंगाळते. कॉफी निम्म्यावर आणली आणि निम्मी अस्वस्थताही गेली.

तलफ येते ती तीन ते पाच मिनिटांची, असे म्हणतात. ती मिनिटे कुठे घालवायची हा खरा प्रश्न होता. आमच्या दाराच्या चौकटीत व्यायामाचा एक बार बसवलेला होता. तलफ आली की गुडघे दुमडून त्याला लोंबकळायचे, हात सुटला की मनगटे झटकायची आणि पुन्हा लोंबकळायचे, असे मी ठरवले. पहिल्या दिवशी ११ सेकंदांत करंगळ्या सुटल्या आणि त्यांच्यामागोमाग बाकीची बोटे एकेक करून उघडत गेली. दिवसातून आठ-दहा वेळा तलफ येत असल्याने सरावाला तोटा नव्हता. सहाव्या आठवड्यात मी ५५ सेकंदांवर पोहोचले. शर्यतीत आडव्या दांड्यांना धरून पलीकडे जाण्याच्या अडथळ्याला मी अजिबात घाबरले नाही, आणि त्याचे श्रेय मला त्या तलफांनाच द्यावे लागेल.

* * *

निकोटिनचे च्युइंगगम घेणाऱ्यांसाठी थोडक्यात लिहितो, कारण मी आठवडाभर ते चुकीचे खाल्ले. साध्या गमसारखे सतत चघळल्याने उचक्या, मळमळ आणि घशात जळजळ झाली आणि तलफ तशीच राहिली. ते सावकाश चघळून तोंडात झिणझिणी आली की गालाच्या आत दाबून ठेवायचे असते, झिणझिणी विरली की पुन्हा थोडे चघळायचे, असे साधारण अर्धा तास. निकोटिन तोंडाच्या अस्तरातून शोषले जाते, पोटात गेलेले बहुतांशी वाया जाते. त्याआधी पंधरा मिनिटे कॉफी किंवा आंबट पेय घेऊ नये, नाहीतर शोषण नीट होत नाही. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचे, अन्यथा २ मिलिग्रॅमचे, असा सर्वसाधारण नियम मला सांगण्यात आला. धावताना मात्र ते तोंडात ठेवू नये.

* * *

वय ५२. वरच्या दोघांनी दमाविषयी लिहिले आहे. मला त्या परत आलेल्या दमानेच फसवले.

सिगरेट सोडून दहा आठवडे झाले होते, जिना चढताना बोलता येत होते, आणि इतक्या वर्षांनी शरीर ऐकते आहे म्हटल्यावर मी त्याला रोज कामाला लावले. दोर चढणे, पुलअप, दोन्ही हातांत जड पिंपे घेऊन चालणे, सगळे आठवड्यातून सहा दिवस. बाराव्या आठवड्यात उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला ठणका सुरू झाला आणि पाण्याने भरलेले पातेले उचलणेही अवघड झाले. स्नायू काही आठवड्यांत बळावतात, पण त्यांना हाडाशी बांधणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा कमी असतो आणि त्यांना महिने लागतात, हे फिजिओथेरपिस्टने सांगितले तेव्हा उशीर झाला होता. त्या शर्यतीवर मला पाणी सोडावे लागले.

दुसऱ्या खेपेस पकडीचा व्यायाम आठवड्यातून दोनदाच ठेवला. पुलअप जमत नव्हते म्हणून स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर न्यायची आणि पाच मोजत सावकाश खाली यायचे, असे तीन-तीनदा केले. दोर चढण्याची युक्तीही तेव्हाच कळली. मी तोवर केवळ दंडाच्या जोरावर चढत होतो. दोर एका पायाच्या बाहेरून घेऊन त्याच पावलाखालून वळवायचा आणि दुसऱ्या पावलाने वरून दाबायचा, की दोरावरच एक पायरी तयार होते. मग त्या पायरीवर उभे राहायचे, हात वर सरकवायचे, गुडघे छातीशी ओढायचे आणि पुन्हा पायरी करायची. माझ्या वजनाच्या माणसाला ही युक्ती ठाऊक नसणे म्हणजे कोपराला निमंत्रणच होते.

* * *

नव्याने येणाऱ्यांनी आपली शर्यत कोणत्या जातीची आहे हे आधी पाहावे. या खेळाची आधुनिक सुरुवात इंग्लंडमध्ये १९८७ साली झालेल्या ‘टफ गाय’पासून मानतात, ‘स्पार्टन रेस’ आणि ‘टफ मडर’ ही दोन्ही नावे २०१० सालची. टफ मडरच्या मूळ स्वरूपात वेळ मोजत नाहीत आणि अनोळखी माणसाला भिंतीवर ओढून घेणे हाच रिवाज आहे. स्पार्टनमध्ये वेळ मोजतात, आणि अडथळा हुकला की ३० बर्पींची (खाली बसून, जमिनीवर आडवे होऊन पुन्हा उडी मारत उठण्याच्या व्यायामाची) शिक्षा कित्येक वर्षे प्रसिद्ध होती. भालाफेकीच्या अडथळ्यात माझा भाला हुकला होता. सात महिन्यांपूर्वी रोज पाकीटभर ओढणाऱ्या माणसाने चिखलात काढलेल्या त्या ३० बर्पींविषयी मी अधिक लिहू इच्छित नाही. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेतील घोडेस्वारीची जागा अडथळ्यांची शर्यत घेणार आहे, तेव्हा याला केवळ चिखलातली मौज म्हणणाऱ्यांना आता एक उत्तर मिळाले आहे.

* * *

माझा अनुभव पुन्हा ओढू लागलेल्याचा आहे.

सोळा आठवडे सिगरेटशिवाय काढले, शर्यत पुरी केली, पदक गळ्यात पडले. शेवटच्या रेषेपलीकडे सगळे चिखलाने माखून बसलो होतो आणि गटातल्या एकाने पाकीट पुढे केले. मी घेतली. त्या क्षणी तलफ आली होती असे म्हणणे खोटे ठरेल. मला फक्त असे वाटले की काम झाले आहे. सोळा आठवडे ‘शर्यतीपर्यंत नाही’ असे मी स्वतःला बजावत आलो होतो, आणि शर्यत तर संपली होती. पुढचे पाच महिने मी पूर्वीइतकीच ओढत होतो.

दुसऱ्यांदा सोडताना तारखेशी सांगड घातली नाही. शर्यतीच्या पुढच्याच आठवड्यातली धाव आधीच ठरवून ठेवली आणि गटातल्या सर्वांना, विशेषतः त्या पाकीटवाल्याला, माझ्यासमोर पेटवू नका असे स्पष्ट सांगितले. तो रागावला नाही, उलट ओशाळला. आता अकरा महिने झाले आहेत.

* * *

सोडल्यावर माझे वजन ६ किलोंनी वाढले. पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढतात, तेव्हा मी फार वेगळी नव्हते, पण भिंतीवर स्वतःला ओढून घेताना प्रत्येक किलो जाणवतो. मी वजन उतरवणे आणि सिगरेट सोडणे एकाच महिन्यात करू पाहिले आणि दोन्ही फसले. पुढच्या वेळी पहिले तीन महिने वजनकाट्याकडे पाहिले नाही. उंच भिंतीवर आधी एक टाच वर अडकवायची आणि मग अंग गुंडाळत पलीकडे न्यायचे, ही पद्धत शिकल्यावर ते सहा किलोही माझ्याबरोबर पलीकडे गेले.

* * *

मी व्यवसायाने डॉक्टर आहे आणि नऊ वर्षे ओढत होतो, म्हणून उपदेशाचा अधिकार मला नाही. दोनच गोष्टी सांगतो. चाळिशी ओलांडलेल्या किंवा अनेक वर्षे ओढलेल्या व्यक्तीने जोराचा सराव सुरू करण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. धावताना छातीत दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ किंवा घेरी आली तर थांबावे आणि ती व्यायामाची कळ समजू नये. दुसरे म्हणजे, औषधांची लाज वाटू देऊ नये. मी व्हरेनिक्लिन हे सिगरेटची तलफ कमी करणारे औषध घेतले. ते सोडण्याच्या दिवसाच्या साधारण आठवडाभर आधी सुरू करतात आणि बारा आठवडे चालवतात. मला मळमळ झाली आणि अतिशय ठळक स्वप्ने पडली, त्यांपैकी एका स्वप्नात मी शल्यक्रियेच्या टेबलाशी सिगरेट ओढत होतो आणि कुणीही हरकत घेत नव्हते. हे औषध स्वतःच्या मनाने मात्र घेऊ नये.

* * *

सर्वांचे मनापासून आभार. कोपराचा अनुभव वाचून मी माझ्या वेळापत्रकातले पकडीचे दोन दिवस कालच खोडले. पुढची शर्यत २१ किलोमीटरची आहे आणि १९ आठवडे हातात आहेत. माझ्या पहिल्या शर्यतीत ओल्या मातीने तळहात निसरडे झाले आणि लोंबत्या कड्यांच्या चौथ्या कडीवरून मी सरळ पाण्यात पडलो होतो. हात कोरडे करायला अंगावर एकही कोरडा कपडा नव्हता. पुढे एकीने काखेतल्या कपड्याला हात पुसून घेतलेले पाहिले, कारण तेवढाच भाग चिखलातून वाचलेला असतो. थंड पाण्यातून बाहेर आल्यावर बोटे बधिर होतात आणि लगेच दोर समोर येतो, त्यावर कुणाकडे काही उपाय असेल तर तो अवश्य लिहावा.