'रॉ डेटा'ला 'कच्चा विदा' म्हणावं का?

संशोधनाला नव्याने लागलेल्या मुलांसाठी फायली कशा सांभाळाव्यात यावर मराठीत टिपण लिहिते आहे. 'रॉ डेटा'ला सवयीने 'कच्चा विदा' लिहिलं आणि तिथेच अडले.

अडायला कारण आहे. मागे एका प्रकल्पात आम्ही दोन फोल्डर केले होते, 'कच्चा' आणि 'पक्का'. तापमापकातून आलेल्या फायली जशाच्या तशा 'कच्चा'मध्ये, आणि चुका काढून केलेला तक्ता 'पक्का'मध्ये. डिस्क भरत आली तेव्हा एका सहकाऱ्याने 'कच्चा' उडवला. "पक्कं झालंय ना, मग कच्चं कशाला ठेवायचं?" मला उत्तर सुचेना. कच्ची वही फेअर करून झाली की आपण सगळेच रद्दीत घालतो. महिन्याभराने लक्षात आलं की साफसफाईत शून्याखालची सगळी तापमानं चूक समजून गाळली गेली होती. मागे जायला वाट उरली नव्हती.

तर दुसरा शब्द सुचवा. आणि 'बॅकअप'ला नुसतं 'प्रत' चालेल का?

* * *

'मूळ विदा' लिहा, बिनधास्त. कच्चा माल कारखान्यात संपतो, कच्चा आराखडा पक्का झाला की बाद होतो, कच्चा कैदीसुद्धा निकालाची वाट बघत असतो. 'कच्चा'मध्ये पुढे काहीतरी व्हायचं बाकी आहे हे गृहीतच आहे. 'मूळ प्रत' म्हटलं की मात्र हात आपोआप आखडतो, तिच्यावर कोणी खाडाखोड करत नाही.

आमच्याकडे मूळ फायली आल्या दिवशीच 'फक्त वाचण्यासाठी' करून टाकतात. कारण बिघडवायला हेतू लागत नाही. एक्सेलमध्ये नुसती उघडून सेव्ह केली तरी पुरतं. 'मार्च१', 'सेप्ट२' अशी जनुकांची नावं एक्सेल तारखा समजून बदलून टाकत असे. शेवटी २०२० साली नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली! 'मार्च१'चं 'मार्चएफ१' झालं, 'सेप्ट२'चं 'सेप्टिन२'.

* * *

थोडं अवांतर. 'डेटा'चं एकवचन 'डेटम', म्हणजे लॅटिनमध्ये 'दिलेलं'. आपला 'दत्त' त्याच धातुकुळातला. म्हणजे जसं हाती आलं तसं, हा अर्थ शब्दाच्या पोटातच आहे. त्या हिशेबाने 'मूळ' चपखल बसतो.

(आणि हिंदीत 'विदा' म्हणजे निरोप. त्या सहकाऱ्याने अर्थ सार्थ केला म्हणायचं.)

* * *

'प्रत' एकट्याने चालणार नाही, कारण त्या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो.

एक, बॅकअप. याला 'राखीव प्रत' म्हणा. पीटर क्रॉग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ नियम याच अर्थाचा आहे : एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी.

दोन, सिंक, म्हणजे दोन जागच्या फायली आपोआप सारख्या ठेवणं. याला प्रत म्हणूच नये, हे प्रतिबिंब आहे. इथे फाइल खोडली की तिथलीही जाते. काही सेवांमध्ये खोडलेलं थोडे दिवस परत मिळतं, पण त्यावर विसंबून राहिलेले लोक मी रडताना पाहिलेत.

तीन, आवृत्ती. इथे एकच विनंती, फाइलच्या नावात 'फायनल' हा शब्द नको. 'प्रकरण३_फायनल', 'प्रकरण३_फायनल_नवीन', 'प्रकरण३_खरंच_फायनल' : यातली शेवटची कुठली हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्यापेक्षा तारीख घाला, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस : २०२४-०३-०७. आयएसओ ८६०१ हे मानक १९८८ पासून हेच सांगतंय. असं लिहिलं की नावांचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो. दिवस आधी लिहिलात तर सगळ्या महिन्यांच्या सात तारखा एकत्र गोळा होतात. आणि देवनागरी व इंग्रजी अंक एकाच फोल्डरमध्ये मिसळू नका, संगणकाच्या लेखी ती वेगळी अक्षरं आहेत.

* * *

सगळ्यांचे आभार. 'मूळ', 'साफ केलेला', 'राखीव प्रत' आणि 'आवृत्ती' हे शब्द घेतले. फोल्डरची ओळख करून देणारी 'रीडमी' फाइल असते, तिला 'आधी वाचा' असं नावच देते. त्यात प्रत्येक रकान्याचा अर्थ आणि एकक. 'उंची १७०' हे सेंटिमीटर आहे हे ओळखता येतं, पण 'खोली १२' मीटर की फूट? आणि खोली म्हणजे पाण्याची की घरातली?

आता 'मेटाडेटा'वर अडले आहे. 'विदा'चं सामान्यरूप घोड्यासारखं केलं तर 'विद्याविषयीचा विदा' होतं, आणि वाचणाऱ्याला वाटेल कोणा विद्याताईंची माहिती आहे.

* * *

म्हणूनच आम्ही 'विदाविषयी' असं न बदलता लिहितो. व्याकरणवाल्यांनी क्षमा करावी.