रुग्ण पडू नयेत यासाठी वॉर्डात नेमकी कोणती साधनसामग्री मागावी?

प्रश्न

नमस्कार. मी एका ट्रस्टच्या रुग्णालयात ३० खाटांच्या मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. गेल्या महिन्यात आमच्याकडे दोन रुग्ण पडले. त्यांतले एक आजोबा पहाटे चारच्या सुमारास सलाईनचा स्टँड ओढत एकटेच संडासाकडे निघाले. स्टँडचे चाक दाराच्या उंबऱ्याला अडले, ते ओल्या फरशीवर कोसळले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. दोन दिवसांत घरी जाणार असलेल्या माणसावर शस्त्रक्रियेची वेळ आली, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

आता व्यवस्थापनाने माझ्याकडे प्रस्ताव मागितला आहे. रुग्ण खाटेवरून उठला की वाजणारे बेड अलार्म, पडण्याचा धोका असलेला रुग्ण ओळखू यावा म्हणून पिवळे मनगटी पट्टे आणि प्रशिक्षण एवढे मी लिहिले आहे. रात्री दोनच सिस्टर असतात, त्यामुळे पडण्याच्या धोक्याचा आणखी एक फॉर्म भरायला वेळ कुठून आणायचा, हाही प्रश्न आहे. कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १

ताई, अलार्म यादीत सर्वांत शेवटी ठेवा. अलार्म वाजतो तेव्हा रुग्ण खाटेवरून उठलेला असतो, आणि दोन सिस्टरांपैकी एक इंजेक्शन देत असेल तर तिथवर धावणार कोण? तुमच्याच हकिकतीत उत्तर आहे: उंबरा काढून तिथे उतार करून घ्या, संडासात भिंतीला धरायला दांडे बसवा, रात्रीचा मंद दिवा लावा आणि फरशी पुसण्याची वेळ बदला. दोन कमोड खुर्च्या मागा. खाटांच्या चाकांचे ब्रेक तपासून घ्या. आमच्याकडे तपासले तेव्हा कित्येक ब्रेक लागतच नव्हते. त्याहून मोलाची मागणी म्हणजे रात्रपाळीला एक जादा मावशी, जिने झोपण्यापूर्वी आणि पहाटे प्रत्येक अशक्त रुग्णाला विचारून संडासाला नेऊन आणावे. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी उशिरा दिली जात असेल, तर ती दुपारीच देता येईल का, हे डॉक्टरांशी बोलून पाहा.

उत्तर २

मी गुणवत्ता विभागात काम करते. रुग्ण पडण्याचा धोका गुणांत मोजणाऱ्या मॉर्स श्रेणीत सहाच प्रश्न आहेत आणि सराव झाला की दोन-तीन मिनिटे पुरतात. तुमच्या आजोबांना मधुमेहासारखा दुसरा आजार असेल, तर त्याचे १५, सलाईनचे २० आणि अशक्त चालीचे १० मिळून ४५ गुण होतात, आणि अनेक ठिकाणी ४५ पासून जास्त धोका मानतात. ही नोंद दाखल करताना, पाळी बदलताना आणि गुंगीचे औषध सुरू झाल्यावर व्हावी. ती वेगळ्या कागदावर न ठेवता हँडओव्हरच्या वहीतच एक रकाना आखा, म्हणजे पुढच्या पाळीच्या कानावर ती जातेच.

मोजमापही आधीपासून ठेवा. रोज सरासरी २४ रुग्ण धरले, तर ३० दिवसांचे ७२० रुग्णदिवस होतात; दोन घटना म्हणजे दर हजार रुग्णदिवसांमागे सुमारे २.८. मात्र पहिल्या काही महिन्यांत हा आकडा वाढलेला दिसला तर घाबरू नका, कारण तेव्हा पूर्वी लपवल्या जाणाऱ्या घटना नोंदल्या जाऊ लागतात. ज्या सिस्टरच्या पाळीत रुग्ण पडला तिला मेमो मिळणार नाही, हे मेट्रनकडून लेखी घ्या. त्याला पैसा लागत नाही, पण त्यावाचून बाकीचे सारे फुकट जाईल.

उत्तर ३

दोन्ही उत्तरे पटली. फक्त खाटेच्या कठड्यांबद्दल सांगतो. सगळे कठडे वर केले की गोंधळलेला रुग्ण ते ओलांडायला बघतो आणि अधिक उंचावरून पडतो, त्यामुळे खाट खाली ठेवणे बरे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून आणखी एक मागणी सुचवतो: पहिल्यांदा उठवताना आडवे असताना आणि उभे केल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजावा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर त्या रुग्णाला एकट्याने उठू देऊ नये. नातेवाइकांनाही हे समजावून सांगा, कारण चहाला जाताना "मी येईपर्यंत उठू नका" एवढेच ते सांगून जातात, आणि सिस्टरला कळवायचे राहून जाते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. अलार्म वगळून उतार, दांडे, कमोड खुर्च्या आणि रात्रीची मावशी यांचा प्रस्ताव नव्याने लिहीत आहे. उद्या सकाळी मिस्त्रींना सोबत घेऊन त्या उंबऱ्याचे माप घेणार आहे.