ऑटिझम असलेल्या मुलाच्या बॅलन्ससाठी व्हीआर हेडसेट घ्यावा का?

शेळगीची आई
नमस्कार, माझा मुलगा 7 वर्षांचा, ऑटिझम आहे. बोलणं हळूहळू येतंय पण तोलाचा फार त्रास आहे, जिना उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवतो आणि कठडा सोडतच नाही, लंगडी जमत नाही म्हणून खालची पोरं त्याला खेळायला घेत नाहीत. ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजच्या हालचाली आणि कामं जमावीत म्हणून देतात ती) चालू आहे पण तेच तेच व्यायाम, बॅलन्स बोर्ड दिसला की पळतो. आता यांच्या मित्राने सांगितलं की व्हीआरने (डोळ्यांवर हेडसेट लावून आभासी दृश्यात खेळायचं ते) अशा मुलांचा बॅलन्स सुधारतो, घरीच घेऊन टाका. गाड्यांच्या गेममध्ये तो खूप रमतो म्हणून आशा वाटते. सोलापुरात कुणी वापरलंय का?

होटगी रोड ओटी
ताई, आधी वय बघा. मेटा क्वेस्ट बनवणारी कंपनी स्वतःच 10 वर्षांखालच्या मुलांना हेडसेट नको म्हणते, त्यामुळे घाई करू नका.
तोल सांभाळायला डोळे, आतल्या कानातला तोलाचा अवयव आणि स्नायू-सांध्यांकडून येणारी जाणीव, या तिघांचा मेळ लागतो. ऑटिझममध्ये बऱ्याच मुलांना तोच मेळ बसवणं जड जातं, उभं राहिल्यावर शरीर जास्त डुलतं. व्हीआरमध्ये डोळ्यांना काय दिसावं ते आपल्या हातात असतं, उपयोग त्याचाच आणि धोकाही त्यातच, कारण समोरचं दृश्य पळतंय आणि शरीर जागेवर असं झालं की मळमळ, चक्कर सुरू होते. कमी बोलणारं मूल हे सांगणार कसं? ते हेडसेट फेकतं आणि आपण त्याला हट्टी म्हणतो, हे बघून मला खरंच वाईट वाटतं.
आणि गाडीचा गेम बसून खेळला तर तोलाला कामच नाही. वाकणं, बाजूला पाऊल टाकणं, एका पायावर वजन घेणं असे गेम हवेत. 7 वर्षाला टीव्हीसमोर उभं राहून शरीराने खेळायचे गेम बरे, कायनेक्ट (शरीराची हालचाल टिपणारा कॅमेरा) किंवा वी बॅलन्स बोर्ड (उभं राहून खेळायची फळी) यांच्यासारखे. कायनेक्टचं उत्पादन 2017 ला थांबलं पण जुने सेट असतात लोकांकडे. संशोधनात फायदा दिसलाय, पण बरेचसे अभ्यास थोड्या मुलांवरचे आणि गेम प्रत्येकाचे वेगळे, त्यामुळे खात्री कुणीच देऊ नये.

जुळे सोलापूरचा बाबा
माझा मुलगा 11 चा आहे, आम्ही वापरतो. सुरुवातीला डोक्यावर वजन सहनच होईना, मग आधी नुसती टोपी, मग बंद हेडसेट, मग चालू, असं थेरपिस्टनी करून घेतलं. त्याला काय दिसतंय ते टीव्हीवर लावून ठेवतो आणि मी हाताच्या अंतरावर उभा. एप्रिल-मे मध्ये मात्र अवघड, आपल्याकडचं ऊन माहितीये, घामाने काच धूसर होते आणि तो वैतागतो.
खेळून झालं आणि थोडा वेळ गेला की हुतात्मा बागेत नेतो, तिथे कडेच्या दगडावरून चालणं, पायऱ्या. आता बसमध्ये चढताना माझा हात मागत नाही. ते एकट्या व्हीआरमुळे झालं असं मी म्हणणार नाही, पण स्वतःहून तेच पुन्हा पुन्हा करायला तयार झाला ते गेममुळेच.

विजापूर रोड
ताई, पैसे घालण्याआधी निरामय विमा काढलाय का बघा, केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा, ऑटिझम त्यात येतो. 1 लाखापर्यंत कव्हर आहे, नियमित थेरपीही त्यात धरतात. अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागेल.

शेळगीची आई
सगळ्यांचे खूप आभार, हेडसेट सध्या राहू दे, टीव्हीसमोरचं बघते. एक विचारायचं राहिलं, दोन वर्षांचा असताना त्याला तापात झटका आला होता, नंतर कधी नाही. त्याचा काही संबंध येतो का?

होटगी रोड ओटी
बरं झालं सांगितलंत. तापातला झटका आणि एपिलेप्सी (पुन्हा पुन्हा फिट येण्याचा आजार) वेगळं, पण ऑटिझममध्ये एपिलेप्सीचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं आणि काहींना लुकलुकणाऱ्या प्रकाशाने फिट येऊ शकते. त्यामुळे टीव्हीवरचे गेम असले तरी सुरू करण्याआधी मुलांच्या मेंदूविकार डॉक्टरांना विचारा, जुनी फाइल घेऊन जा. तोपर्यंत जमिनीवर खडूने गाडीचा रस्ता काढा आणि त्या रेषेवरून त्याला चालवा, गाड्या आवडतात ना त्याला. जिन्याचं मात्र तुमच्या ओटींशी वेगळं बोला, उतरताना गुडघ्यात ताकद कमी पडतेय की खोलीचा अंदाज येत नाहीये ते त्यांना तपासू दे.